रो हाऊसला हिरवा आडोसा : काय लावायचं, कुठे लावायचं आणि काय टाळायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. नेरुळला खाडीच्या बाजूला तुमचं रो हाऊस आहे. पश्चिमेला कंपाऊंडच्या आत २५ फूट लांब आणि ३ फूट रुंद अशी मातीची पट्टी आहे. कंपाऊंडची भिंत कमरेएवढी. गल्लीपलीकडच्या जुन्या बैठ्या इमारतीच्या जागी सात मजली टॉवर उभा राहिला आणि त्याच्या बाल्कन्या थेट तुमच्या अंगणावर आल्या. सहा महिन्यांत सगळं झाकलं जाईल असं काहीतरी तुम्हाला हवंय. नर्सरीवाल्याने कोनोकार्पस किंवा बांबू सुचवलाय. घरात तीन वर्षांची मुलगी आहे, कुत्रा आहे आणि झाडांना बोअरचं पाणी आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कोनोकार्पस लावू नका. बांबू मला आवडतो, पण त्या पट्टीत नको. खाली कोयनेल या झुडपाचं दाट कुंपण करा, त्याच्या वरच्या भागात जाळीवर वेल चढवा आणि जिथे तुम्ही प्रत्यक्ष बसता तिथे खुर्चीजवळ वेगळा आडोसा करा. सगळा भार कंपाऊंडच्या रेषेवर टाकू नका. त्या रेषेवर कितीही झपाट्याने वाढणारं झाड लावलंत तरी वरच्या मजल्यांची नजर अडणार नाही. त्यामुळे झाडं निवडण्याआधी टेप घेऊन अंगणात उतरा.

असं मोजा. तुम्ही खुर्चीत बसलात की डोकं जमिनीपासून साधारण ४ फुटांवर असतं. समोरच्या टॉवरला खाली स्टिल्ट पार्किंग असेल, तर पहिल्या मजल्यावर उभ्या माणसाचे डोळे साधारण १६ फुटांवर येतात. तुमच्या खुर्चीपासून त्या बाल्कनीपर्यंत ४० फूट अंतर धरू आणि खुर्चीपासून कंपाऊंडपर्यंत १५ फूट. त्यांच्या डोळ्यांपासून तुमच्या डोक्यापर्यंत सरळ रेघ ओढली, तर ती ४० फुटांत १२ फूट खाली येते. कंपाऊंडवर ती रेघ साडेआठ फुटांवर असते. म्हणजे पहिल्या मजल्यासाठी कंपाऊंडवर साडेआठ-नऊ फुटांचा आडोसा हवा, आणि तो जमण्यासारखा आहे.

आता तिसरा मजला घ्या. डोळे ३६ फुटांवर. कंपाऊंडवर लागणारी उंची एकदम १६ फूट होते. तोच आडोसा खुर्चीपासून ५ फुटांवर केला तर ८ फूट पुरतात. सातव्या मजल्यासाठी कंपाऊंडवर ३१ फूट लागतील आणि खुर्चीजवळही १३. तिथे उभ्या झाडांचा उपयोग नाही, डोक्यावर मांडवच हवा. तुमचे आकडे थोडे वेगळे येतील, पण पद्धत हीच. घरातल्या कुणाला तरी खुर्चीत बसवा, तुम्ही कंपाऊंडजवळ काठी धरून उभे राहा आणि काठीचं टोक कोणत्या बाल्कनीच्या कठड्याला टेकलेलं दिसतं ते विचारा. अर्ध्या तासाचं काम आहे. मी कुठल्याही बागेत झाडांबद्दल बोलायच्या आधी हे करतो. बऱ्याचदा असं निघतं की त्रास देणाऱ्या बाल्कन्या दोन-तीनच आहेत, आणि त्या अडवायला २५ फूट लांब हिरवी भिंत लागत नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. ठाणे-नवी मुंबईत झाडं मरतात ती बहुतेक वेळा निवड चुकल्याने नाही, तर खाली काय आहे ते न बघता लावल्याने. नवी मुंबईचा खाडीकडचा बराच भाग खाजणं, मिठागरं आणि भातशेतीवर भराव टाकून तयार झाला आहे. भरावाला डोंगरातला मुरूम वापरला गेला आणि घरं बांधून झाल्यावर वर डेब्रिज पसरून त्यावर वीतभर लाल माती टाकली गेली. तुमच्या पट्टीत एका जागी पहार घालून दीड फूट खाली जा. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, टाइल्स, कधी सिमेंटच्या रिकाम्या गोणी निघतील. सिमेंट-चुन्यामुळे तिथली माती अल्कधर्मी होते आणि पानं शिरा सोडून पिवळी पडतात. मग माळी म्हणतो खत कमी पडतंय, आणि खत टाकलं तरी फरक पडत नाही.

पाण्याचंही तसंच. खाडीजवळच्या बोअरचं पाणी पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत बरं असतं, फेब्रुवारीनंतर खारं व्हायला लागतं. घरात आरओ असेल तर टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, शेजारीपाजारी मिळेलच. बोअरचं पाणी आत्ता, उन्हाळ्यात मोजा. टीडीएस ४५० च्या आत असेल तर काहीही लावा. ४५० ते २००० च्या मध्ये असेल तर झाडं जपून निवडावी लागतील. २००० च्या वर असेल तर ते पाणी बागेला देऊच नका. आरओमधून वाया जाणारं पाणी बादलीत साठवून झाडांना घालायची पद्धत घरोघरी आहे. हेतू चांगला आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ते लादी पुसायला वापरा. खारवट मातीतल्या झाडांना तर नकोच. मातीवर एप्रिल-मेमध्ये पांढरी बुकटी दिसते का आणि पानांच्या कडा बाहेरून आत करपतात का, या दोन खुणा मीटर नसतानाही बरंच सांगून जातात.

आता नर्सरीवाल्याच्या सल्ल्याबद्दल. कोनोकार्पस तो का सुचवतो ते समजण्यासारखं आहे. बारा महिने हिरवा, खारं पाणी चालतं, रोग फारसा नाही, दोन वर्षांत दहा-बारा फूट. हे सगळं खरं आहे. पण त्याची मुळं पाण्याच्या शोधात लांब जातात आणि पाइपच्या सांध्यांतून आत घुसतात. गुजरातमधल्या शहरांनी तो मोठ्या प्रमाणावर लावला आणि शेवटी २०२३ मध्ये तिथल्या सरकारने त्याच्या लागवडीवर बंदी घातली. भूमिगत केबल, पाइपलाइन, ड्रेनेज यांचं नुकसान आणि परागकणांमुळे होणारी ॲलर्जी ही कारणं दिली होती. तुमच्या ३ फुटी पट्टीच्या एका बाजूला भिंत आहे, पलीकडे थोड्या अंतरावर घराचा पाया, आणि बहुतेक रो हाऊसमध्ये असते तशी मधूनच ड्रेनेजची लाइन. तिथे हे झाड लावणं म्हणजे पाच-सात वर्षांनी प्लंबर आणि गवंडी दोघांनाही बोलावणं. फायकसच्या सगळ्या प्रकारांनाही हेच लागू. कापून कितीही लहान ठेवला तरी खाली मुळं मोठीच होत राहतात आणि कंपाऊंडला तडा जातो.

बांबूचं वेगळं आहे. आपल्याकडे मिळणारे बहुतेक बांबू बेटाने वाढणारे असतात, दूरवर पळत नाहीत. त्यामुळे "बांबू सगळीकडे पसरतो" ही भीती इथे फारशी खरी नाही. पण बेट दरवर्षी बाहेरच्या बाजूने फुगतं. पिवळ्या काठीवर हिरव्या रेघा असलेला जो गोल्डन बांबू नर्सरीत दिसतो, तो मोठा झाला की ३०-४० फूट जातो आणि बेटाचा घेर तुमच्या पट्टीपेक्षा मोठा होतो. त्यातल्या त्यात बारीक काठीचा हेज बांबू बरा, दहा-पंधरा फुटांत थांबतो. बांबूची एक गोष्ट लोकांना माहीत नसते. काठी जमिनीतून निघताना जेवढी जाड असते तेवढीच राहते, नंतर जाड होत नाही. पहिली दोन वर्षं करंगळीएवढ्या काठ्या येतात, तिसऱ्या पावसाळ्यापासून खरा बांबू दिसायला लागतो. म्हणून "बांबू सहा महिन्यांत झाकेल" हे खरं नाही. शिवाय पानगळ वर्षभर चालते आणि पालापाचोळा गटारात जातो. ज्यांच्याकडे सहा-सात फूट रुंद मोकळी पट्टी आहे, त्यांनी बांबू जरूर लावावा. वाऱ्यात त्याचा जो आवाज होतो त्यात रस्त्याचा गोंगाट बराच बुडतो.

बाकीच्या झाडांपैकी काही पटापट बाजूला काढू. सुबाभूळ नको, बी पडून सगळीकडे उगवते. गिरिपुष्पाची काठी रोवली तरी फुटते, पण ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडून उघडा पडतो. मोरपंखी आपल्या दमट हवेत आतून तपकिरी होत जाते आणि तो भाग पुन्हा हिरवा होत नाही. घरात लहान मूल आणि कुत्रा असताना कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी आणि मोगली एरंड यांना अंगणात जागा देऊ नका. बिट्टीच्या बिया आणि कण्हेरीचा प्रत्येक भाग जिवावर बेतेल इतका विषारी असतो. ड्युरांटा सगळीकडे लावतात, पण त्याची पिवळी मण्यांसारखी फळं मुलांना खावीशी वाटतात आणि ती विषारी आहेत. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

मग कोयनेल का? हे झाड मुळात खाडीकाठचंच आहे. खारफुटीच्या कडेने, भरतीचं पाणी जिथे अधूनमधून येतं तिथे आपोआप वाढतं. वनजाई असंही त्याला म्हणतात. खारी हवा, खारवट माती, मध्यम खारं पाणी, पश्चिमेचं ऊन आणि पावसाळ्यातला वारा, सगळं सोसतं. पान गुळगुळीत, गडद हिरवं, चवीला कडू, त्यामुळे शेळ्या-गुरं तोंड लावत नाहीत. कात्री जितकी चालवाल तितकं दाट होतं. जुन्या बंगल्यांना, शाळांना, रेल्वे क्वार्टर्सना याचीच कुंपणं असायची. नर्सरीत ते पुढे मांडलेलं नसतं, कारण रोप स्वस्त आणि दिसायला साधं. मागून घ्यावं लागतं. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या वीतभर तोडून लावल्या तरी जगतात. पण तुम्हाला घाई आहे, म्हणून पिशवीतली रोपं घ्या.

सहा फुटांपर्यंत ते सहज नेता येतं आणि तिथे छान दाट ठेवता येतं. रस्त्यावरून जाणाऱ्यांची नजर त्यात पूर्ण अडते. त्याच्या वर, सहा ते नऊ फुटांच्या पट्ट्यात वेल आणा. त्यासाठी लोखंडी पाइपचे खांब आणि दोन इंची वेल्डमेशची जाळी लागेल. खांब कंपाऊंडच्या भिंतीला ठोकू नका, जमिनीत दोन फूट काँक्रीटमध्ये बसवा. पश्चिमेची बाजू आहे. जुलैमध्ये खाडीवरून सरळ येणारा वारा आणि पावसाने भिजलेल्या वेलीचं वजन, दोन्ही मिळून भिंतीची वरची वीट सैल करतात.

वेल म्हणून माझी पसंती मधुमालतीला. पट्टीच्या दोन टोकांना एकेक, दोन रोपं पुरे. सुरुवातीला दोर बांधून खोड सरळ जाळीपर्यंत न्या, वाटेत येणारे फुटवे काढत राहा, मग वर गेल्यावर आडव्या दिशेने पसरवा. संध्याकाळी पांढरी उमलणारी फुलं नंतर गुलाबी आणि मग लाल होतात, आणि रात्री अंगणात मंद वास राहतो. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जुन्या पानांचे देठ खोडावर राहून काट्यांसारखे टणक होतात, म्हणून छाटणी करताना हातमोजे घाला. आणि मुळांतून आजूबाजूला नवे कोंब येतात, ते दिसताच उपटा. बोअर खूपच खारं निघालं तर मधुमालतीऐवजी बोगनवेल घ्या. खारेपणाला ती जास्त सोशिक आहे. मात्र काटे मोठे असतात, म्हणून मुलीच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवरच पसरवायची. आइस्क्रीम वेल आणि गारवेल कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. दोन पावसाळ्यांत शेजाऱ्याच्या छतावर जातात.

पहिल्या वर्षाची उपाययोजना वेगळी. मधुमालतीला जाळी भरायला एक वर्ष लागतं. तोपर्यंत त्याच जाळीवर तोंडली चढवा. जूनमध्ये बोटाएवढ्या जाड वेलीचे वीतभर तुकडे लावले की गणपतीपर्यंत जाळी बरीचशी हिरवी होते आणि भाजीही मिळते. पुढच्या वर्षी मधुमालती पसरली की तोंडली काढून टाका. खालच्या भागाला कोयनेल मोठी होईपर्यंत भिंतीच्या बाहेरच्या अंगाला ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा. तिला आडोशाचा कायमचा उपाय समजू नका. दिवाळीनंतर काढा, नाहीतर रोपांना पश्चिमेचं ऊन कमी पडून ती उंच आणि विरळ होतात.

म्हणजे सहा महिन्यांत काय होईल ते स्पष्ट सांगतो. जूनच्या शेवटी लावलंत तर डिसेंबरपर्यंत वरची जाळी तोंडलीने आणि थोड्याफार मधुमालतीने झाकलेली असेल, कोयनेल साडेतीन-चार फुटांवर दाट असेल. पूर्ण सहा फूट पुढच्या पावसाळ्याच्या मध्यावर. याहून लवकर कुणी सांगत असेल, तर तो तुम्हाला उंच आणि काटकुळी रोपं देणार आहे.

काटकुळ्या रोपांबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जातात. नर्सरीत सहा फुटी रोप आणि दीड फुटी रोप शेजारी शेजारी असतं, आणि घाईत असलेला माणूस सहा फुटी उचलतो. पण ते रोप गर्दीत उजेडासाठी वर गेलेलं असतं. खालचे तीन फूट नुसती काठी. त्या काठीला खालून पुन्हा फांद्या फुटवायला ते छाटूनच टाकावं लागतं. दीड-दोन फुटी, बुंध्यापासून तीन-चार फांद्या असलेलं रोप घ्या. पिशवी उचलून खालची बाजू बघा. मुळं बाहेर येऊन जमिनीत शिरली असतील आणि माळ्याने ओढून तोडली असतील, तर ते रोप ठेवून द्या. आणखी एक तपासा. आपल्याकडच्या नर्सऱ्यांमध्ये बराच माल आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतो आणि त्याच्या मुळांभोवती चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच खड्ड्यात ठेवला, तर तुम्ही घातलेलं पाणी गोळ्याच्या बाजूने निघून जातं आणि आतली मुळं कोरडी राहतात. बाहेरून माती ओली दिसते, झाड मात्र सुकत असतं. लावण्याआधी गोळा पाण्याच्या बादलीत बुडबुडे येणं थांबेपर्यंत भिजवा आणि बाहेरची माती बोटांनी हलकेच मोकळी करा. पिशवीच्या कडेने गोल गोल फिरलेली मुळं दिसली तर दोन-तीन ठिकाणी ब्लेडने उभा छेद द्या.

जमिनीची तयारी मेमध्येच करा. भिंतीच्या पायापासून एक वीत सोडून दीड फूट रुंद, दीड फूट खोल असा सलग चर खणा. वेगवेगळे खड्डे नकोत. २५ फुटांच्या चराला साधारण ५६ घनफूट माती लागेल, म्हणजे अर्ध्या ब्रासहून थोडी जास्त. ड्रेनेजचं चेंबर आणि पाइप कुठे आहेत ते आधी बघून घ्या, पाइप गॅस असेल तर त्याची लाइनही. निघालेलं डेब्रिज परत आत टाकू नका. भरताना दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट किंवा जाड रेती, आणि प्रत्येक पाच फुटांना एक-दोन किलो निंबोळी पेंड घाला. भरावाच्या जमिनीत वाळवी असतेच, तिच्यासाठी पेंड उपयोगी पडते. चराच्या तळाला पाणी साचत असेल तर रस्त्याच्या बाजूने भिंतीला दोन ठिकाणी भोकं ठेवा. आपल्याकडे पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पाण्याला वाट नसेल तर जुलैमध्ये मुळं कुजतात, आणि झाड वाळलेलं दिसल्यावर लोक त्यावर आणखी पाणी ओततात.

पाऊस सुरू झाल्या दिवशी लावायची घाई करू नका. पहिले दहा-पंधरा दिवस पाऊस नुसता पडू द्या. आजूबाजूच्या मातीतले क्षार धुऊन खाली जातात आणि चरातली माती बसते. मग वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली, की लावा. सव्वा फुटावर एक रोप, म्हणजे वीस-एकवीस रोपं. माती बुंध्यावर चढवू नका. पिशवीत होती तेवढीच पातळी ठेवा.

आता आडोसा दाट होतो की उघडा राहतो, हे ज्याच्यावर ठरतं ते काम. रोपं लावून तीन आठवडे झाले आणि नवी पालवी आली की सगळ्या रोपांचा शेंडा कापा, एक फुटावर. होय, उंची हवी असतानाही. शेंडा गेला की त्याच्याखालच्या पानांच्या बगलेतले डोळे जागे होतात आणि एका काठीच्या जागी चार फांद्या येतात. त्या वीतभर वाढल्या की पुन्हा अर्ध्यावर कापा. असं पावसाळाभर दर तीन आठवड्यांनी. कुंपण पायरीपायरीने वर जाईल, पण खालपासून भरलेलं जाईल. हे न करता सरळ सहा फूट जाऊ दिलं, तर कुंपण वर गच्च आणि खाली गुडघ्याएवढी पोकळी असं होतं, आणि ती पोकळी नंतर भरत नाही. कापताना खालची बाजू रुंद आणि वरची थोडी अरुंद ठेवा, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळत राहतं. बहुतेक माळी उलटं कापतात, वर रुंद. त्यांच्या शेजारी उभं राहून सांगा. बुंध्याशी जमिनीलगतची वीतभर जागा मात्र मोकळी आणि स्वच्छ ठेवा. पालापाचोळा साचला की उंदीर येतात आणि त्यांच्या मागून साप.

ऑक्टोबरच्या उन्हात पाणी सुरू करा. पहिलं वर्ष आठवड्यातून तीनदा भरपूर द्या, रोज थोडंथोडं नको. थोड्या पाण्याने क्षार वरच्या थरात अडकून राहतात. मेमध्ये बोअर खारं झालं की नळाचं पाणी मिसळा, आठवड्यातून एकदा तरी.

खुर्चीजवळच्या आडोशाला वीस इंची कुंड्यांमध्ये आरेका पाम ठेवा. तीन कुंड्या ओळीत. कुंडीसकट सात-आठ फूट होतात आणि मुलांना, कुत्र्याला त्यापासून धोका नाही. घराच्या सावलीत ते हिरवेगार राहतात, उघड्या दुपारच्या उन्हात पिवळे पडतात, म्हणून घराच्या भिंतीच्या जवळ ठेवा. त्यांना बोअरचं पाणी नको. आणि वरच्या मजल्यांसाठी बसायच्या जागेवर आठ बाय आठचा लोखंडी मांडव करा. त्यावर मधुमालतीचंच तिसरं रोप चढवा. संक्रांत वेल जानेवारीत केशरी फुलांनी फार सुंदर दिसते, पण तिला खारेपणा मानवत नाही.

ठाण्याच्या लोकांकडूनही हाच प्रश्न येतो, म्हणून दोन शब्द. घोडबंदर रोडच्या किंवा येऊरच्या पायथ्याच्या बाजूला पाणी गोड आहे, माती लाल, मुरमाड आणि निचऱ्याची. तिथे निवड खूप मोठी. जास्वंद, अडुळसा, निर्गुडी ही आपली जुनी कुंपणाची झाडं मजेत वाढतात. जास्वंदीवर मिलीबग येतो, पण पाण्याचा जोराचा फवारा आणि दर पंधरा दिवसांनी कडुनिंबाचं तेल एवढ्यावर आटोक्यात राहतो. टॉवरच्या सावलीतल्या तळमजल्याच्या बागेत तगर लावा. ऊन कमी असलं तरी दाट राहते आणि वर्षभर फुलते. उन्हाच्या जागी, आठ-दहा फूट उंच पण अरुंद भिंत हवी असेल तर लाल पालवीचं सिझिजियम चांगलं. हिरवा अशोक ज्यांच्याकडे जागा आणि धीर आहे त्यांनी लावावा. पहिली दोन वर्षं तो हळू वाढतो, मग थांबत नाही. टेल्ड जे फुलपाखराच्या अळ्या त्याच्यावर वाढतात आणि फळांना वटवाघळं येतात. मला हे दोन्ही पाहुणे हवेहवेसे वाटतात. पोडियमवर किंवा गच्चीवर करणार असाल तर ओल्या मातीचं वजन आधी इंजिनिअरकडून तपासून घ्या. कठड्यावरून खाली सोडायला कर्टन क्रीपर उत्तम.

झाडं निवडताना कायदाही लक्षात घ्या. महाराष्ट्रात १९७५ चा झाडांच्या संरक्षण व जतनाचा अधिनियम आहे.  त्यानुसार तुमच्या स्वतःच्या अंगणातलं असलं तरी झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हणून "आत्ता लावू, नको झालं तर काढू" हा हिशोब अशोक, कोनोकार्पस वगैरेंच्या बाबतीत चालत नाही. सोसायटीला आणि शेजारच्या रो हाऊसला जाळीच्या उंचीबद्दल आधी कळवा. त्यांचा उजेड किंवा वारा अडत असेल तर ते आत्ताच बोललेलं बरं.

सगळ्यात आधी बोअरचा टीडीएस आणि काठीने मोजलेल्या उंची मला कळवा. टीडीएस १५०० च्या वर असेल तर मधुमालती बदलून बोगनवेल घेऊ. आणि तिसऱ्या मजल्याच्या वरची एकही बाल्कनी तुमच्या खुर्चीकडे बघत नसेल तर मांडवाचा खर्च करायचं कारण नाही.